मोठे इंजिन की पळणारी बॉडी? कोकणातल्या मासेमारी बोटीसाठी पैसे कुठे घालायचे

पावसाळी बंदीत बोट किनाऱ्यावर ओढली की नाखव्याचा पहिला विचार इंजिनाचा असतो. शेजारची बोट बंदरात अर्धा तास आधी लागते, तिच्या माशाला पहिला भाव मिळतो आणि तिच्यात सहा सिलिंडरचे इंजिन आहे. मग आपणही तेच बसवायचे, असे ठरते. पण बोट किती पळेल हे एकटे इंजिन ठरवत नाही. पाण्यात बसलेली बॉडी किती लांब आहे, किती जड आहे आणि तिचा तळ पिछाडीला कसा वर उचललेला आहे, यातून वेगाची एक हद्द पडते. बोट त्या हद्दीला टेकली की पुढचा प्रत्येक एचपी लाटा उचलण्यात जातो आणि डिझेलचे बिल वाढते. म्हणून इंजिनाचा कॅटलॉग उघडण्याआधी आपली बोट हद्दीच्या अलीकडे आहे की हद्दीवर, हे मोजून घ्यायचे. त्याला एक दोरी, एक मोबाइल आणि एक सकाळ पुरते.

खालचे सगळे आकडे दोन बोटींचे आहेत. पहिली ४५ फुटी, जाळे ओढत नेणारी ट्रॉलर: पाणरेषेवर (भरलेल्या बोटीला पाणी जिथवर लागते त्या रेषेवर) ४० फूट, भरलेले वजन २५ टन, आत डिझेल इंजिन. दुसरी २६ फुटी फायबर होडी: पाणरेषेवर २४ फूट, माणसे, जाळी, बर्फ आणि मासळी धरून १,५०० किलो, मागे टांगलेले आउटबोर्ड. तुमची बोट वेगळी असेल तर पद्धत तीच ठेवा आणि आकडे बदला.

आधी हद्द काढा

बोट भरलेली असताना पाणी नाळेला (पुढच्या टोकाला) जिथे लागते तिथपासून पिछाडीला जिथे सुटते तिथपर्यंतची लांबी घ्या. कागदावरची एकूण लांबी इथे उपयोगाची नाही. पुढे झुकलेल्या नाळेच्या बोटीत या दोन लांब्यांत पाच-सहा फुटांचा फरक सहज निघतो. बोट किनाऱ्यावर असेल तर तळाच्या रंगाची रेषा पाहून मापा, मात्र भरलेली बोट त्या रेषेच्या किती वर बसते हे तांडेलाला विचारून घ्या.

फुटांतल्या या लांबीचे वर्गमूळ काढा आणि १.३४ ने गुणा. उत्तर नॉटमध्ये, म्हणजे तासाला किती सागरी मैल असे येते. पाणरेषा २५ फूट असेल तर ६.७ नॉट, ३० फुटांना ७.३, ३६ फुटांना ८, ४० फुटांना ८.५ आणि ४९ फुटांना ९.४.

हे सूत्र लाटेतून आलेले आहे. बोट चालते तशी ती नाळेपाशी एक लाट उठवते, आणि वेग वाढेल तशी त्या लाटेची लांबी वाढते. साडेआठ नॉटला ती सुमारे १२.२ मीटर होते, म्हणजे बरोबर ४० फूट. आता एक शिखर नाळेपाशी आणि दुसरे पिछाडीपाशी असते, बोट दोघांच्या मधल्या खोलगटात बसलेली असते. आणखी जोर लावला की मागचे शिखर बोटीच्या मागे सरकते, पिछाडी खाली बसते, नाळ वर येते आणि बोट स्वतःच्याच लाटेवर चढ चढू लागते. त्या चढाला अंत नाही. जाळे ओढणारी जड बोट तो चढ पार करत नाही.

हा वेग गाठायला किती ताकद लागते, तेही ठोकताळ्याने काढता येते. वर्गमूळ १ ने गुणून येणाऱ्या वेगाला (आपल्या ट्रॉलरला ६.३ नॉट) दर टनामागे सुमारे १.८ एचपी लागतात. १.२ ने गुणलेल्या वेगाला (७.६ नॉट) ३.१, हद्दीच्या वेगाला (८.५ नॉट) ४.४ आणि १.५ ने गुणलेल्या वेगाला (९.५ नॉट) ६.१. २५ टनांच्या बोटीला हे अनुक्रमे ४५, ७८, १०९ आणि १५३ एचपी पडतात. शेवटच्या एका नॉटसाठी ४४ एचपी जादा! तेही सूत्राच्या हिशेबाने. गोल, भरीव पिछाडीच्या लाकडी बोटीत प्रत्यक्ष आकडा याहून वाईट येतो. १२ नॉट हवे असतील तर सूत्र ३०० एचपीच्या वर मागते, आणि अशी बोट तेवढी ताकद घालूनही तिथे पोचत नाही.

हे सगळे एचपी शाफ्टवरचे, म्हणजे पंखा (प्रोपेलर) फिरवणाऱ्या दांड्यावरचे आहेत. गिअरबॉक्समध्ये तीन ते पाच टक्के जातात, आणि समोरून वारा-लाट असताना वेग टिकवायला वीस-पंचवीस टक्के हाताशी लागतात. म्हणजे या ट्रॉलरला चालण्यापुरते सतत चालणारे १४० एचपी भरपूर झाले.

आता बोट खरी किती पळते ते मोजा

अंदाजाने सांगितलेला वेग जवळजवळ नेहमी फुगवलेला असतो. ओहोटीबरोबर बाहेर पडताना मोबाइलवर दिसलेला आकडा लक्षात राहतो, भरतीविरुद्ध जाताना दिसलेला राहत नाही.

वारा नसलेली सकाळ निवडा. खाडीबाहेर, निदान पाच-सहा वाव (एक वाव म्हणजे सहा फूट) पाणी असलेल्या जागी जा, कारण उथळ पाण्यात तळ ओढला जातो आणि वेग पडतो. डिझेल, पाणी, बर्फ आणि जाळी नेहमीइतकी ठेवा. एका सरळ दिशेला दोन मिनिटे चालवा, जीपीएसवरचा स्थिर वेग लिहा, वळा आणि त्याच रेषेवर उलट दिशेने तेवढेच चालवा. दोन वेगांची सरासरी हा तुमचा वेग. आरपीएम दोनशेच्या टप्प्यांनी वाढवत पूर्ण थ्रॉटलपर्यंत असेच जा. प्रत्येक टप्प्याला चार गोष्टी लिहा: आरपीएम, वेग, धुराचा रंग, आणि पिछाडी किती बसली.

डिझेल मोजायचे असेल तर वीस लिटरच्या पारदर्शक कॅनवर लिटरच्या खुणा करून पुरवठ्याची नळी तिथून घ्या. इंजिनातून परत येणारी नळीही त्याच कॅनमध्ये सोडा. ही परतीची नळी टाकीत राहिली तर मोजलेला खप खऱ्यापेक्षा बराच जास्त दिसतो, आणि बहुतेकांची मोजणी इथेच फसते.

आता पूर्ण थ्रॉटलचा वेग हद्दीशी ताडून पाहा. वेग हद्दीच्या ८५ टक्क्यांहून कमी असेल (ट्रॉलरला ७.२ नॉटच्या खाली), तर तुमचा प्रश्न इंजिनाच्या आकाराचा असेलच असे नाही, बहुतेक वेळा तो तळ, पंखा किंवा वजनाचा निघतो. वेग हद्दीच्या आसपास असेल तर या बॉडीतून आणखी काही निघणार नाही. ८५ ते ९५ टक्क्यांच्या मध्ये असेल तर पुढचा भाग नीट वाचा, कारण स्वस्तातला अर्धा नॉट तिथेच सापडतो.

पैसे खर्चण्याआधीच्या तीन गोष्टी

तळ. शेवाळ आणि शिंपल्यांचा थर जाड झाला की ट्रॉलरचा नॉट-दीड नॉट सहज जातो. तळापेक्षाही पंख्यावर बसलेले शिंपले जास्त नुकसान करतात, आणि ते पाण्याखाली असल्यामुळे कोणी पाहत नाही. अँटिफाउलिंग (शेवाळ-शिंपले बसू न देणारा) रंग लावताना पंखा, शाफ्टचा उघडा भाग आणि सुकाणूची पुढची धार घासून गुळगुळीत करा. हंगामाच्या मध्यात, उधाणाच्या ओहोटीला बोट कोरडी पडते तेव्हा दोन तास खरवडले तरी फरक जाणवतो.

पंखा. इथे जरा थांबायला हवे, कारण इंजिन बदलण्याचे निम्मे निर्णय खरे तर चुकीच्या पंख्यामुळे घेतले जातात.

पंख्याचे पिच म्हणजे पाणी लोण्यासारखे घट्ट असते तर पंखा एका फेरीत किती पुढे गेला असता, तेवढे इंच. इंजिनाचे आरपीएम भागिले गिअरचे प्रमाण, गुणिले पिच, भागिले १,२१५ केले की कागदावरचा वेग नॉटमध्ये मिळतो. इंजिन १,८०० वर, गिअर ३:१, पिच २४ इंच: पंखा ६०० फेऱ्यांवर फिरतो आणि कागदावरचा वेग ११.८ नॉट येतो. चाचणीत ८ नॉट मिळाले, तर ३२ टक्के घसरण. जड, सावकाश चालणाऱ्या बोटीला ३० ते ४५ टक्के घसरण ही रीतच आहे. ५० च्या वर गेली तर पंखा लहान आहे, वाकलेला आहे किंवा त्यावर शिंपले आहेत. २० च्या खाली आली तर मोजण्यात चूक झाली, नाहीतर पंख्यावर कोरलेले पिच खरे राहिलेले नाही. ठोकून सरळ केलेल्या पंख्याच्या तीन पात्यांचे पिच तीन प्रकारचे निघणे ही नेहमीची गोष्ट आहे. ते पिचोमीटरवर मोजून घ्या.

आरपीएमकडेही पाहा. इंजिनाचे नेमलेले आरपीएम १,८०० असताना भरलेल्या बोटीत पूर्ण थ्रॉटलला १,६५० च मिळतात आणि काळा धूर येतो, तर पंखा इंजिनाला जड आहे. जळायला पुरेशी हवा मिळत नसताना डिझेल आत जाते, एक्झॉस्ट तापतो, आधी व्हॉल्व्ह आणि मग पिस्टन जातात. हे ‘इंजिन कमी पडते’चे लक्षण समजून मोठे इंजिन घेतले जाते, आणि त्यालाही तसाच जड पंखा लावला जातो. उलट, १,८०० झटकन गाठले, धूर नाही आणि वेगही नाही, तर पंखा हलका आहे. इंजिनात असलेली ताकद पाण्यात उतरतच नाही. व्यास एक इंच कमी करणे हे साधारण दोन-तीन इंच पिच कमी करण्याइतके असते. जाळे ओढणाऱ्या बोटीत व्यास शक्यतो कमी करू नये, पिच कमी करावे.

वजन. जुन्या लाकडी बोटीत मुरलेले पाणी, वर्षानुवर्षे साठलेले सिमेंट आणि दगडांचे वजन, जुने दोर, कधीच न लागणारे सुटे भाग. या ट्रॉलरला पाण्यात एक सेंटिमीटर खाली बसवायला पावणेचारशे किलो लागतात. भरल्या बोटीची पाणरेषा पहिल्या वर्षीपेक्षा आठ सेंटिमीटर वर गेली असेल, तर तुम्ही तीन टन फुकट वाहता आहात, आणि हद्दीच्या वेगाला त्याचे तेरा एचपी जातात.

मोठे इंजिन कधी योग्य ठरते

ट्रॉलिंगला. जाळे ओढताना वेग अडीच ते साडेतीन नॉट असतो, तिथे हद्दीचा काही संबंध नाही. तिथे लागते ती ओढ. चांगल्या जमलेल्या पंख्याला एका एचपीमागे १० ते १३ किलो ओढ मिळते, म्हणून मोठ्या जाळ्यासाठी मोठे इंजिन घेण्याला खरा अर्थ आहे. फक्त ‘वेगासाठी घेतले’ असे म्हणू नका, आणि ओढीसाठी घेत असाल तर गिअरचे प्रमाण आधी बघा. तेच इंजिन २:१ गिअर आणि लहान पंख्याऐवजी ४:१ गिअर आणि मोठ्या व्यासाच्या, सावकाश फिरणाऱ्या पंख्याला जोडले तर डिझेल न वाढवता ओढ वाढते. पंख्याभोवतीचे नोझल (आखूड नळकांडे) आणखी पाव पट ओढ देऊ शकते. मात्र मोकळे चालताना, विशेषतः नऊ-दहा नॉटच्या पुढे, तेच अडथळा होते, आणि त्यात दोर अडकला की काढणे त्रासाचे.

दुसरा योग्य प्रसंग म्हणजे बोट खरोखर अशक्त आहे: तळ स्वच्छ, पंखा बरोबर, पूर्ण आरपीएम मिळतात, आणि तरी दर टनामागे तीन एचपीसुद्धा नाहीत. अशी बोट वाऱ्यात खाडीच्या मुखाशी अडकते, आणि तो सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

इंजिन निवडताना नेमप्लेटवरचा आकडा कोणत्या रेटिंगचा आहे ते विचारा. ट्रकच्या इंजिनावरून केलेल्या मरीन इंजिनावर लिहिलेले एचपी कधीकधी थोडा वेळच घ्यायचे असतात. सतत चालवायच्या आकड्याची लेखी मागणी करा, तो नसेल तर लिहिलेल्या आकड्याचे ८० टक्के धरा.

इंजिन बदलले की त्याच्या मागे काय काय येते, ते आधीच वहीत लिहून किंमत काढा:

शाफ्ट: पंख्याकडे जाणारा पीळ दीडपट झाला तर शाफ्टचा व्यास सुमारे साडेचौदा टक्के वाढवावा लागतो. अडीच इंची शाफ्ट पावणेतीनच्या वर, म्हणजे बाजारातला तीन इंची. मग स्टर्न ट्यूब, बेअरिंग, ग्लँड आणि कपलिंग सगळे नवे.

पंख्याची जागा: पात्याच्या टोकापासून बॉडीपर्यंत व्यासाच्या १५ टक्के मोकळीक हवी. ३६ इंची पंख्याला साधारण साडेपाच इंच. जागा नसेल तर व्यास कमी करून पिच वाढवावे लागते, आणि नव्या इंजिनाचा फायदा तिथेच गळतो. पिछाडीत गडगडाट आणि थरथर सुरू होते ती याच अपुऱ्या मोकळिकीमुळे.

बेड: जड इंजिनाचे लाकडी किंवा फायबरचे बेड पुढेमागे लांबवर नेऊन तळाच्या आडव्या वाकांना (फासळ्यांना) बांधलेले असावेत. आहे त्या बेडवर नुसती प्लेट ठोकून चालत नाही.

हवा: दर ३.३ एचपीमागे निदान एक चौरस इंच मोकळे भोक इंजिनखोलीला हवे. १६५ एचपीला ५० चौरस इंच. याहून कमी असले की भर उन्हात इंजिन आपोआप दहा टक्के अशक्त होते आणि दोष डिझेलपंपावर जातो.

एक्झॉस्टची नळी, थंड पाण्याचा पंप आणि समुद्राच्या पाण्याचा व्हॉल्व्ह नव्या इंजिनाच्या मापाचे. जुन्या नळीला रिड्यूसर लावून जोडू नका.

आणखी एक गोष्ट, जी विक्रेता सांगत नाही. गरजेपेक्षा मोठे इंजिन दिवसभर पंचवीस-तीस टक्के भारावर चालले की सिलिंडर काचेसारखे गुळगुळीत होतात, रिंग बसत नाहीत, तेल जळते आणि एक्झॉस्टमध्ये काजळी साचते. गळाची किंवा तरत्या जाळ्याची बोट असेल, जी तासन्‌तास मंद चालते, तर हे दुखणे तिला दुसऱ्याच हंगामात लागते.

डिझेलचा हिशेब फेरीवर करा

डिझेल इंजिन एका एचपीला तासाला सुमारे ०.२ लिटर घेते. ४० सागरी मैल दूरच्या मासेमारीच्या मैदानापर्यंत एका बाजूने जाताना आपल्या ट्रॉलरचे गणित असे पडते.

६.३ नॉट: ६ तास २० मिनिटे, ५७ लिटर.
७.६ नॉट: ५ तास १६ मिनिटे, ८३ लिटर.
८.५ नॉट: ४ तास ४३ मिनिटे, १०३ लिटर.
९.५ नॉट: ४ तास १३ मिनिटे, १२९ लिटर, आणि तेही बोटीने तो वेग गाठला तर.

साडेसातवरून साडेआठवर गेल्याने ३३ मिनिटे वाचतात आणि २० लिटर जातात. त्या अर्ध्या तासाने लिलावात तुमची मासळी वीस लिटर डिझेलहून जास्त भाव मिळवत असेल तर जा, एरवी थ्रॉटल मागे घ्या. परत येताना घाई आणि जाताना नाही, हेही चालते. मैदानावर रात्री पोचायचे असेल तर जातानाचे ४६ लिटर वाचवायला कोणाची हरकत नसते.

आता बॉडीकडे

वेग खरोखर हवा असेल, म्हणजे दहा नॉटच्या पलीकडचा, तर तो बॉडी बदलूनच मिळतो. बोट ‘पळणारी’ आहे की नाही हे तिच्या नाळेवरून कळत नाही, पिछाडीवरून कळते.

बोट किनाऱ्यावर पाणरेषा सपाट राहील अशी टेकवा. मधल्या कण्यापासून बाजूपर्यंतच्या अर्ध्या अंतरावर, तळाला मागून चार फूट सरळ रीप लावा आणि लेव्हलने चढ मोजा. चार फुटांत मागचे टोक दीड-पावणेदोन इंचांपर्यंतच वर जात असेल, तर कोन दोन अंशांच्या आत आहे: ही बॉडी पाण्यावर चढून पळू शकते. दोन ते सहा इंच म्हणजे मधली जात. पुरेशी ताकद आणि कमी वजन असेल तर हद्दीच्या दीडपट-पावणेदोनपट जाईल. सात इंच किंवा जास्त म्हणजे आठ अंशांच्या वर: ही बॉडी हद्द ओलांडणार नाही, तिच्यात कोणतेही इंजिन बसवा. वर उचललेला तळ पाण्याला वर ओढतो, आणि पाणी त्याच जोराने पिछाडीला खाली ओढते.

फायबरच्या पळणाऱ्या होडीला तळ आणि बाजू जिथे मिळतात तिथे धारदार कोपरा लागतो, म्हणजे पाणी तिथून सुटते. गोल कोपऱ्याला पाणी चिकटून वर चढते. शेवटच्या पाच फुटांत तळ रिपेला एकसारखा लागला पाहिजे. तीन मिलिमीटरची पोकळी असली तर नाळ दाबली जाते आणि होडी ओली चालते; तेवढाच फुगवटा असला तर वेगात ती वरखाली उड्या मारते. साचा बरोबर असूनही होडी चुकीच्या जागी टेकवून ठेवल्याने हे दोष येतात. पावसाळ्यात दोन ओंडक्यांवर ठेवलेली होडी श्रावणात उचलून बघा.

आता वजन आणि ताकद. पाण्यावर नीट चढायला एका एचपीमागे २० ते २५ किलोंपेक्षा जास्त वजन नसावे. आपली २६ फुटी होडी भरून १,५०० किलो, म्हणजे तिला ६० ते ७५ एचपी लागतात. तेव्हा ती १८ नॉटच्या आसपास जाते. तिला ९.९ एचपी लावले तर ती सात नॉटला चालते, आणि तेही ठीक आहे, कारण तिची हद्द साडेसहाची आहे. सर्वांत वाईट सौदा मधला. २५ एचपी लावले की एका एचपीवर ६० किलो येतात, नाळ आकाशात जाते, पुढचे दिसत नाही, पेट्रोल दुपटीहून जास्त जाते आणि वेग मिळतो नऊ-दहा नॉट.

४० एचपीचे फसवणे वेगळे. रिकाम्या १,००० किलोच्या होडीला विक्रेत्याच्या चाचणीत ते झकास चढवते, एचपीमागे २५ किलो. पाचशे किलो मासळी, बर्फ आणि ओले जाळे घेऊन परत येताना ३७ किलो होतात आणि होडी चढत नाही. म्हणून चाचणी घेताना वाळूच्या गोण्या घालून, पूर्ण माणसे बसवून घ्या.

आउटबोर्ड बसवताना पंख्यावरची आडवी पट्टी तळाच्या रेषेत किंवा एक इंच वर ठेवा. खाली गेली तर पाण्याचा अडथळा वाढतो, फार वर गेली तर वळणावर पंखा हवा घेतो. पिच असे निवडा की भरलेल्या होडीत पूर्ण थ्रॉटलला कंपनीने दिलेल्या आरपीएमच्या टप्प्याचा वरचा भाग गाठला जाईल. एक इंच पिचने सुमारे २०० आरपीएम बदलतात. ट्रान्समला (पिछाडीच्या उभ्या फळीला) मोठे इंजिन टांगण्याआधी बोटाने ठोकून बघा: पोकळ आवाज आला किंवा बोल्टच्या भोकातून पाणी झिरपले तर आतले प्लाय कुजले आहे, आधी ते बदला.

आणि मग समुद्र. फेब्रुवारीपासून मेपर्यंत दुपारनंतर वायव्येचा वारा सुटतो आणि किनाऱ्याजवळ आखूड, उभी लाट उठते. सपाट तळाची वेगवान होडी या लाटेवर अशी आपटते की तांडेल आपणहून दहा-बारा नॉटवर येतो. पिछाडीला १५ ते १८ अंशांचा व्ही असलेला तळ ही लाट कापतो, पण त्याला तेवढ्याच वेगासाठी जास्त ताकद लागते आणि उभी असताना होडी जास्त डोलते. जाळे हाताने ओढायचे असेल तर हे डोलणे रोज जाणवते. जी होडी पहाटे जाऊन नऊपर्यंत परत येते तिला सपाट तळ चालतो, संध्याकाळी परतणारीला व्ही हवा.

हद्द चुकवण्याचा तिसरा मार्ग अरुंदपणाचा आहे. पाणरेषेवरची लांबी रुंदीच्या आठपट किंवा जास्त झाली की बोट लाट फार उचलतच नाही, आणि १.३४ चे सूत्र तिला लागू राहत नाही. अरुंद होडी कलंडते, म्हणून कोकणात तिला उलांडी (बाजूला बांधलेला तरता ओंडका) लावली जाते. गेटवे-मांडव्याच्या प्रवासी कॅटमरानमागचे तत्त्व तेच: दोन अरुंद बॉड्या आणि वर डेक. मासेमारीला अडचण अशी की अरुंद बॉडी वजनाने पटकन खोल बसते. दोन टन मासळी भरायची असेल तर कॅटमरानचा फायदा परतीच्या वाटेवर संपतो.

आहे तीच बॉडी लांबवणे हा पर्याय फार कमी लोक विचारात घेतात. आपल्या ट्रॉलरची पाणरेषा ४० वरून ४६ फूट केली तर हद्द ९.१ नॉट होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे जुन्या साडेआठ नॉटला, दोन टन वजन वाढूनही, १०९ ऐवजी ९६ एचपी पुरतात. काम नौका डिझायनरकडून काढून घेतलेल्या नकाशावरच करा. कणा जोडलेली जागा नेमकी जाळ्याच्या ताणाखाली येते आणि तोल नव्याने तपासावा लागतो.

वजन कमी करून इंजिन लहान ठेवण्याचा विचार मोठ्या बोटींतही झालेला आहे. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने आखलेली आणि गोवा शिपयार्डने बांधलेली १९.७५ मीटरची ‘सागर हरिता’ २०१६ साली पाण्यात उतरली. तिची बॉडी पोलादी, पण वरची केबिन फायबरची ठेवली. नवी बोट बांधायला टाकणाऱ्याने वरचा भाग फायबरचा करणे एवढे जरी उचलले, तरी वजनही घटते आणि डोलणेही.

कोणत्या बोटीला काय

ट्रॉलर: बॉडी तीच, पंखा आणि गिअर आधी, मग गरज पडली तर ओढीसाठी इंजिन. डोल जाळ्याच्या (प्रवाहात एका जागी बांधून ठेवायच्या जाळ्याच्या) बोटीचे ठिकाण ठरलेले असते आणि वेळ भरती-ओहोटीवर ठरते, तिथे जादा वेगाचा पैसा परत येत नाही. तळ स्वच्छ ठेवा. एका दिवसाच्या तरत्या जाळ्याच्या फायबर होडीला, मैदान दहा मैलांच्या आत असेल तर ९.९ पुरे, वीस मैलांवर असेल आणि मासळी ताजी विकायची असेल तर पळणारी बॉडी आणि तिला पुरेसे इंजिन, दोन्ही एकाच वेळी. माशांच्या थव्याला जाळ्याचा वेढा घालणाऱ्या पर्ससीनवाल्यांना थव्यापर्यंत आधी पोचण्याची घाई असते, त्यांच्यासाठी मधल्या जातीची, सपाट पिछाडीची लांब बॉडी फायद्याची, आणि ती नवी बांधतानाच ठरवायची गोष्ट आहे. मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्यावर माणसे नेणाऱ्या होडीचे अंतर काही मिनिटांचे. तिला स्थिरता आणि चढउतार सोपी हवी, वेग नको.

कागद

इंजिन बदलण्याआधी सहायक मत्स्यव्यवसाय आयुक्तांच्या कार्यालयात विचारा. नोंदणीत इंजिनाचा क्रमांक आणि एचपी असतात, बदल नोंदवावा लागतो, आणि डिझेलच्या करपरताव्यावर त्याचा काही परिणाम होतो का तेही विचारून घ्या. विमा कंपनीलाही लेखी कळवा. नोंदीपेक्षा वेगळे इंजिन असलेल्या बोटीचा दावा अडतो. प्रवासी बोट असेल तर महाराष्ट्र सागरी मंडळाचा सर्व्हे नव्याने करावा लागेल, तो हंगामाआधी लावून घ्या.

बसवल्यावर

शाफ्ट आणि इंजिनाची ओळ किनाऱ्यावर लावून काम संपत नाही. पाण्यात पडल्यावर बॉडी आपला आकार बदलते, लाकडी तर नक्कीच. टाक्या भरून बोट दोन दिवस पाण्यात ठेवा, मग कपलिंगचे (गिअरबॉक्स आणि शाफ्ट जोडणाऱ्या चकत्यांचे) बोल्ट सोडून चार बाजूंनी फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाला. कपलिंगच्या दर इंच व्यासामागे एक हजारांश इंचापेक्षा जास्त फरक नको: सहा इंची कपलिंगला सहा हजारांश. बेडच्या बोल्टांना पहिल्या पन्नास तासांनंतर पुन्हा पाना लावा. मग सुरुवातीला केली तीच चाचणी, तेवढेच वजन घेऊन, त्याच जागी, दोन्ही दिशांनी पुन्हा करा आणि जुन्या कागदाच्या शेजारी नवा कागद केबिनमध्ये चिकटवा. पुढे कधी त्याच आरपीएमला अर्धा नॉट कमी दिसला, तर आधी पंखा बघायचा.